डिक्कीत मावेल अशी दुर्बीण

माझ्या शर्टाच्या खिशात कायम एक घडीचं भिंग असतं. कापडाच्या धंद्यात त्याला पिक ग्लास म्हणतात. इंचाची चौकट, बाजूला बारीक पट्टी, कापडावर उभं केलं की खाली उभे धागे किती आडवे किती ते मोजता येतं. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मी क्वालिटी बघतो, बावीस वर्षं झाली, त्यामुळं कुणी कुठलाही आकडा सांगितला की माझा हात आपोआप खिशाकडं जातो. पार्टी म्हणते अमुक जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला अमुक ग्रॅमचा, माल आहे, आपण म्हणायचं बघू की.

तर हे भिंग मी एका रात्री दुर्बिणीच्या मागं लावलं आणि मोजलं. पण ते नंतर.

दुर्बिणीचं वेड तसं जुनं, गड्ड्याच्या जत्रेतलं. सोलापूरकरांना गड्डा म्हणजे काय सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वज निघतात, शोभेचं दारूकाम होतं आणि होम मैदानावर पाळणे आणि दुकानं लागतात. तिथं वडलांनी मला लाल प्लास्टिकची दुर्बीण घेऊन दिली, गळ्यात अडकवायला पांढरी दोरी होती. घरी येऊन पहिल्यांदा चंद्र बघितला, तर चंद्र होता तेवढाच, फक्त त्याला एका बाजूनं तांबडी आणि एका बाजूनं निळी किनार आली होती, इरकल साडीसारखी. मला वाटलं चंद्र असाच असतो आणि साध्या डोळ्याला ते कळत नाही. चार-पाच दिवस वर्गात सगळ्यांना सांगत फिरलो.

मग मधली सगळी वर्षं नोकरी, घर, हप्ते. ऑक्टोबर २०२४ ला तो धूमकेतू आला, सुचिनशान-ॲटलस, संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. नान्नजला एका मित्राची द्राक्षबाग आहे, तिथं आम्ही गेलो. मित्राच्या पोरानं मोबाइल दगडावर टेकवून फोटो काढला तर त्यात शेपटी अशी लांब आली, आणि मला डोळ्यानं नुसता खडूचा हात लागल्यासारखा एक पुसट डाग. मित्र म्हणाला, “काय बे, दिसलं का?” मी म्हणालो दिसलं की, आणि घरी येऊन त्याच रात्री ऑनलाइन दुर्बीण मागवली.

इथं माझी पहिली चूक. मी आकडा बघून घेतली. तिच्यावर ३०×६० छापलं होतं आणि समोरच्या काचा डाळिंबासारख्या लाल होत्या, वर दिवसा-रात्री दोन्ही चालेल असं लिहिलेलं. कुणाकडनं घेतली ते सांगत नाही, तसला माल विकणारे दहा जण आहेत. कुरियरनं आली, बघितलं, आणि पाच मिनिटांत डोकं दुखायला लागलं. गुरू बघितला तर दोन गुरू. एक वर एक खाली. मला वाटलं माझ्याच डोळ्याचं काही तरी झालं. एक डोळा झाकला की एकच गुरू, दोन्ही उघडले की परत दोन. ह्याला म्हणतात दोन नळ्या एका रेषेत नसणं, आतले प्रिझम जरा सरकले की असं होतं. थोडंसं सरकलेलं असेल तर आपले डोळे ओढून ताणून दोन्ही चित्रं जुळवून घेतात, आपल्याला कळतच नाही, फक्त अर्ध्या तासानं कपाळ ठणकतं.

तर त्या रात्री भिंग बाहेर काढलं. दुर्बीण हातभर लांब धरून भिंतीवरच्या ट्यूबलाइटकडं केली की मागच्या काचेत उजेडाची एक बारकी टिकली दिसते. ही टिकली म्हणजे दुर्बिणीतनं बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची जाडी. हिशोब सोपा आहे, दुर्बिणीवर दोन आकडे असतात, पहिला किती पट मोठं दिसणार तो आणि दुसरा समोरच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा की टिकलीचा आकार येतो. ३०×६० असेल तर २ मिमी यायला पाहिजे. माझ्या पट्टीवर टिकली भरली ३ मिमी. मग समोरची लाल काच मोजली, साठ कुठली, जेमतेम ३०. म्हणजे तीस भागिले तीन, दहा. छापलेलं ३०×६०, खरं १०×३०. आमच्याकडं असा माल आला तर अख्खी गाडी परत जाते.

शिवाय ती टिकली गोल नव्हती, चार बाजूंनी कापल्यासारखी चौकोनी होती. ते प्रिझमच्या काचेवरनं होतं, बीके-७ नावाची स्वस्त काच असली की टिकलीच्या कडा अशा अंधारतात, बीएके-४ असली की बहुतेक पूर्ण गोल येते. आणि ती लाल काच म्हणजे नुसता देखावा, तांबडा प्रकाश समोरनंच परत पाठवते, आधीच तारे अंधूक त्यात अजून तुम्ही चाळणी लावताय. चांगल्या काचेवरचा लेप अंगाबरोबर असतो, तिरकं धरून बघितलं तर हिरवट नाहीतर जांभळट झाक दिसते आणि त्यात आपलं प्रतिबिंब कसं मेल्यासारखं फिकं येतं. लेप नसेल तर काचेच्या एकेका पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश वाया जातो, आणि दुर्बिणीत एका बाजूला असे दहा तरी पृष्ठभाग असतात, लावा गणित.

ती दुर्बीण आता शेजारच्या अक्कांच्या नातवाकडं आहे. तो एकच डोळा लावून समोरच्या टाकीवरची पाखरं बघतो आणि खुश आहे. सूर्याकडं कधीही करायची नाही एवढं मात्र त्याला दहादा बजावलंय आणि अक्कांना तेलुगूत त्याला परत सांगायला लावलंय.

दुसरी चूक उलट्या बाजूची. एवढं सगळं वाचून झाल्यावर मी म्हणालो आता खरी मोठी घ्यायची, आणि पुण्यातल्या एकाकडनं सेकंडहँड १५×७० घेतली. माल एक नंबर, त्यात वादच नाही. गच्चीवर ट्रायपॉडला लावून गुरू बघितला तर गुरू म्हणजे चपटी का होईना पण टिकली दिसते आणि शेजारी चार चंद्र एका ओळीत, जे गॅलिलिओनं जानेवारी १६१० ला पाडव्यासारखं नवं नवं बघितलं होतं तेच. त्या दिवशी बायकोला झोपेतनं उठवून वर नेलं. ती म्हणाली छान आहे, आणि गॅस बंद केलाय का बघून या.

पण वजन, जवळपास १ किलो ४०० ग्रॅम. हातात धरलं तर दोन मिनिटांत तारे जीव घेतल्यासारखे नाचायला लागतात, कारण पंधरा पट चित्र मोठं म्हणजे हाताची थरथर पण पंधरा पट. म्हणून ट्रायपॉड पाहिजे. ट्रायपॉडला दुर्बीण जोडायला एल आकाराचा तुकडा पाहिजे, मधल्या बिजागरीच्या पुढं एक टोपण असतं ते काढून तिथं तो पिळायचा. आणि डोक्यावरचं बघायचं तर ट्रायपॉडखाली मान मोडून बसावं लागतं. हे सगळं घेऊन मी एकदा स्कूटरवर नान्नजला निघालो, पाठीवर सॅक, पायात ट्रायपॉड आडवा, आणि गावातनं बाहेर पडायच्या आतच ट्रायपॉडचा पाय एका उभ्या कारच्या आरशाला लागला. आरसा वाचला, मालकाचं तोंड नाही वाचलं. त्यानंतर तीन महिने ती कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या मागं.

सोलापुरात आकाश बघायचं तर बाहेर जावंच लागतं हो. कोरडी हवा, ढग कमी, पर्जन्यछायेचा प्रदेश. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ढगात बीज फवारायचे प्रयोग आपल्याच भागात २०१८-१९ ला केले, विमानं उडवून. जिथं पावसाला अशी विमानानं हाक मारावी लागते तिथं तारे बघणाऱ्याची चंगळ असायला पाहिजे. पण जुळे सोलापुरात माझ्या गच्चीसमोर पांढऱ्या एलईडीचा खांब आहे, त्याचा उजेड गच्चीवर वाळत घातलेल्या पापडावर पडतो, रात्री अकराला पापड मोजता येतात. ध्रुवमत्स्यातले सातपैकी तीन तारे दिसले की आज बरं म्हणायचं. नान्नजला गेलं की तेच सातच्या सात, आणि मध्ये अजून किती तरी. अंतर वीसेक किलोमीटर, बार्शी रोडनं. तिथलं माळढोक अभयारण्य सगळ्यांना माहीत असतं, १९७९ चं, पक्षी आता दिसायची मारामार. रात्री आत जायचा प्रश्नच नाही, आम्ही बसतो मित्राच्या बांधावर. लांबनं कधी लांडगा ओरडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुर्बीण सोडून आधी स्कूटरची चावी चाचपली.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी उलटीकडनं सुरुवात केली. आकाश बाजूला ठेवलं आणि आधी स्कूटरची डिक्की मोजली. त्यात पाण्याची बाटली, घडी करून सतरंजी, शेंगाचटणी-कडक भाकरीचा डबा आणि कानटोपी एवढं ठेवून जे उरतं त्यात दुर्बीण मावली पाहिजे.

मग डोळे मोजले.

हे जरा सांगतो, कारण दुकानदार हे सांगत नाहीत आणि मला स्वतःला लई मजा आली. अंधारात आपली बाहुली मोठी होते, विशीतल्या पोराची ७ मिमीपर्यंत जाते, वय वाढेल तशी ती कमी उघडते. मी एकावन्न. दुर्बिणीतनं येणारी ती टिकली बाहुलीपेक्षा मोठी असेल तर कडेचा प्रकाश बाहेरच सांडतो, फुकट जातो. मग आपली बाहुली किती? तर कारखान्यातल्या फिटरकडनं ॲलन-कीचा संच आणला, ते षटकोनी पाने असतात ना, ४, ५, ६, ८ मिमी. नान्नजच्या अंधारात अर्धा तास बसलो, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि मग एकेक पाना उभा धरून, डोळ्याच्या अगदी जवळ पण न लावता, त्याच्या आडून व्याध बघितला. पाना बाहुलीपेक्षा बारीक असेल तर तारा दोन्ही बाजूंनी डोकावतो, दोन तारे दिसतात. जाड असेल तर तारा गायब. ५ चा पाना, दोन तारे. ६ चा पाना, व्याध गेला. एवढा आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, एका मिलिमीटरनं गेला. मित्र म्हणाला, “हे काय करायलास बे अंधारात डोळ्यात पाना घालून,” आणि ते बरोबरच होतं, दुसऱ्या कुणी करताना काळजी घ्या, लहान पोरांसमोर तर करूच नका.

म्हणजे माझी बाहुली पाच आणि सहाच्या मध्ये. आता यादी आपोआप आखूड झाली. ७×५० घेतली तर टिकली येते ७ मिमीची, माझ्या डोळ्यात शिरणार पाच-साडेपाच, बाकी काच मी उगीच गळ्यात घेऊन फिरणार. विशीतल्या पोरानं घ्यावी, त्याला ती सोनं आहे. खिशात मावणाऱ्या १०×२५ ची टिकली अडीचची, दिवसा मॅचला ठीक, रात्री अंधार. राहिल्या दोन, १०×५० म्हणजे ५ मिमी आणि ८×४२ म्हणजे सव्वापाच.

सगळे सांगतात डोळे झाकून १०×५० घ्या. निकॉनची ॲक्युलॉन, ऑलिंपसची डीपीएस, ही नावं कुणालाही विचारा येतात, ९०० ग्रॅमच्या आसपास, किंमत आवाक्यात. आणि ते चुकीचं नाही. ५० च्या काचेत ४२ पेक्षा ४० टक्के जास्त प्रकाश येतो, हा साधा वर्गाचा हिशोब आहे. पण मला चष्मा. नुसता उणे नंबर असता तर चष्मा काढून फिरकीनं जुळवून घेतलं असतं, दुर्बिणीला ते जमतं. मला सिलिंडर नंबर पण आहे, तो दुर्बिणीच्या फिरकीनं जात नाही, चष्मा काढला की एकेक तारा तीळ न राहता रेघ होतो. चष्म्यावरनं बघायचं तर डोळा काचेपासून लांब राहतो, त्यामुळं मागच्या काचेपासून किती लांबनं पूर्ण चित्र दिसतं हे बघावं लागतं, त्याला आय रिलीफ म्हणतात, चष्मेवाल्याला निदान १५-१६ मिमी पाहिजे. बऱ्याच जुन्या पद्धतीच्या दुर्बिणींत ते बारा-तेराच असतं. मग काय होतं, कुलपाच्या भोकातनं लग्न बघितल्यासारखं होतं.

तरी नुसतं वाचून ठरवायचं नाही म्हणून फेब्रुवारीत दोन्ही उसन्या आणल्या. पक्षी मोजायला जाणारा एक ओळखीचा आहे त्याची ८×४२ आणि दुसऱ्याची १०×५०. पुष्य नक्षत्रात कर्केच्या मधोमध मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक पुंजका आहे, साध्या डोळ्याला नान्नजमधनं फुंकर मारल्यासारखा दिसतो. मेसिये नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं धूमकेतू शोधताना फसवणाऱ्या पुसट डागांची यादी केली, त्यात हा ४४ वा. त्या यादीत एकूण ११० धरतात. हा बिचारा माणूस धूमकेतू शोधत होता आणि आज त्याचं नाव ज्या वस्तू त्याला नको होत्या त्यांच्यावर आहे. असो. तर मी त्या पुंजक्यातले तारे मोजले, धागे मोजतो तसे, कोपऱ्यातनं सुरू करून. उभं राहून हातात १०×५० धरून बावीस मोजले आणि पुढं थरथरीत गोंधळ झाला. ८×४२ नं उभ्यानंच पंचवीस. मग सतरंजीवर उताणा पडलो, कोपरं बरगड्यांना टेकवली, आणि १०×५० नं एकतीस, ८×४२ नं सत्तावीस. म्हणजे झोपलात तर मोठी जिंकली, उभे राहिलात तर लहान. एवढं काट्याला काटा उत्तर मला धंद्यात पण कधी मिळालं नाही.

मग मी स्वतःला विचारलं, मी रात्री बाहेर किती वेळ झोपतो आणि किती वेळ उभा असतो. बांधावर एप्रिलमध्ये विंचू असतात. खरे, आकाशातले नाहीत.

८×४२ घेतली. छताच्या प्रिझमची, म्हणजे सरळ नळ्यांची, साडेसहाशे ग्रॅम, आत नायट्रोजन भरलेली. हा गॅस आत असला की बाहेर थंडी-गर्मी बदलली तरी आतनं काचेवर वाफ धरत नाही, आणि नळ्या सीलबंद असल्यानं पाणी-धूळ आत जात नाही, धूळ तर आपल्याकडं पाचवीला पुजलेली. पुण्यात दुकानात जाऊन घेतली, ऑनलाइन नाही. दुकानदाराच्या समोर भिंग काढून टिकली मोजली, तो बघतच राहिला. समोरच्या बिल्डिंगवरची आडवी वायर बघितली, दुर्बीण हळूहळू डोळ्यापासून चार बोटं मागं घेतली, दोन्ही नळ्यांत वायर एकाच उंचीवर राहते का ते बघितलं, राहिली. उजव्या डोळ्याची वेगळी फिरकी असते ती फिरवून बघितली, सैल नाही ना, कारण सैल असली की प्रत्येक वेळी खिशात घासून नंबर बदलतो. दुकानदार शेवटी म्हणाला, “साहेब तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे?” मी म्हणालो टॉवेल.

टॉवेलवाला असूनच सांगतो, काचेला टॉवेल लावू नका. रुमाल नको, धोतराचा सोगा तर अजिबात नको. आधी फुग्याच्या पिचकारीनं धूळ उडवायची, मग अगदी मऊ कापड, ते पण गरज असली तरच. धुळीचा एक कण आणि एक पुसणं, रेघ कायमची. आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायची नाहीतर काचेवर बुरशीची जाळी धरते, ती निघत नाही.

एप्रिलच्या अमावास्येला नान्नजला गेलो. सगळं डिक्कीत. मध्यरात्री नरतुरंग तारकासमूहात दक्षिणेला पंचवीस अंशांवर तो गोल गुच्छ वर आला होता, ओमेगा सेंटॉरी, साध्या डोळ्याला जरा जाडसर तारा वाटतो. एक कोटीच्या आसपास तारे आहेत म्हणे त्यात, सतरा हजार प्रकाशवर्षं लांब. दुर्बिणीत ते तारे सुटे होत नाहीत हां, उगीच कुणी फोटो बघून जाऊ नका. कापसाचा बोंड फुटल्यावर दिसतो तसा, मध्ये दाट आणि कडेला विरळ. सरळ बघितलं तर तेवढाच, नजर जरा बाजूला नेऊन तिरकं बघितलं की एकदम फुगतो, कारण डोळ्याच्या मधोमध रात्रीचं कमी दिसतं, कडेला जास्त. आणि त्याच्या खाली उजवीकडं त्रिशंकू कलतीला लागलेला, माथ्यावर असतानासुद्धा त्याचा खालचा तारा जमिनीपासून नऊ अंशच वर येतो. सोलापूरचा अक्षांश साडेसतरा-पावणेअठरा आहे म्हणून हे जमतं, लंडन-पॅरिसवाल्यांना ह्यातलं काही दिसत नाही. मी मित्राला दुर्बीण दिली, तो बघत राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला खाली माझ्याच मोटारीचा दिवा चालू राहिलाय बघ.

१५×७० विकली नाही. गच्चीवर चंद्र बघायला काढतो, पंचमी-षष्ठीचा, पौर्णिमेचा नाही, पौर्णिमेला सगळा चंद्र सपाट दिसतो, अर्ध्याच्या आसपास असतो तेव्हा उजेड-अंधाराच्या शिवेवरच्या खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात. गड्ड्यातल्या दुर्बिणीनं दाखवलेली इरकल किनार ह्यात पण जराशी येते, तेवढी चालायचीच.

मे महिन्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. आत पंख्याखाली भट्टी असते, बेचाळीस-त्रेचाळीसला दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकराला गार व्हायला लागतो, त्याच्यावर पाणी मारायचं आणि चादरी टाकायच्या. आईची बाज कठड्याला लागून, खांबाच्या उजेडापासनं पाठ करून. ती चौऱ्याहत्तरची आहे. सप्तर्षींना ती सप्तर्षी म्हणत नाही, म्हातारीची बाज म्हणते, चार पाय चार तारे आणि मागनं येणारे तीन चोर. चोरांच्या वाकड्या रांगेतनं पुढं गेलं की स्वाती येते आणि अजून पुढं गेलं की चित्रा.

तिला दुर्बीण दिली. बिजागरी पार मिटवली तेव्हा कुठं तिच्या बारक्या चेहऱ्याला बसली, तिच्या दोन डोळ्यांत अंतरच कमी. मोठी असती तर तिच्याच्यानं उचललीही नसती. स्वाती दाखवली. म्हणाली तांबूस आहे, हळद-कुंकू एकात मिसळल्यासारखी. मग चित्रा दाखवली.

“ही निळी आहे की रे.”

मी म्हणालो निळी नाही आई, पांढरी आहे, फिरकी नीट बसलेली नाही म्हणून तुला मोठी दिसत असेल, आण इकडं. ती देईना. म्हणाली थांब, आणि एक डोळा झाकला. मग दुसरा झाकला. मग परत पहिला. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालंय, डाव्याचं राहिलंय, दरवेळी ती काही तरी कारण काढते, आधी भाच्याचं लग्न, मग अधिक महिना.

“ह्यानं निळी,” उजव्याला बोट लावून म्हणाली, “आणि ह्यानं तसलीच, दुधात चहा पडल्यासारखी.”

आपल्या डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडत जातं आणि निळा रंग आधी तेच अडवतं, हे मला वाचून माहीत होतं. नवीन बसवलेलं भिंग तसं पिवळं पडलेलं नसतं. पण कुणी माझ्यासमोर एकाच ताऱ्यावर दोन डोळे असे आळीपाळीनं लावून सांगेल असं वाटलं नव्हतं. मी दुर्बीण घेतली. फिरकी खरंच सरकलेली होती, चित्रा ठिपक्याऐवजी मसुराएवढी पसरली होती. जुळवायला बोट नेलं आणि थांबलो, कारण पसरलेली असतानाच रंग जरा कळत होता, एका टिपक्यात तो सगळा चमकेत बुडून जातो. तशीच ठेवून बघत राहिलो. पांढरी. फार फार तर धुतलेल्या पंचाला नीळ दिल्यावर एखाद्या घडीत राहते तेवढी.

“दिसली का?” आई म्हणाली.

“थोडी.”

“मग दे इकडं,” म्हणाली, आणि उजवा डोळा लावून पडल्या पडल्या परत बघायला लागली.